माय व्यापारी झाली

माझी माय व्यापारी झाली ती एका रविवारी, दुपारच्या जेवणानंतर, आणि त्याबद्दल तिला कोणी विचारलं नव्हतं.

वरठीच्या पलीकडे आमचं गाव. घरोघरी बिड्या वळल्या जायच्या. कंपनीचा तेंदूपत्ता आणि तंबाखू सट्टेदार गावात वाटायचा, आणि बायांनी वळलेल्या बिड्या तोच मोजून परत न्यायचा. म्हणजे कंपनी आम्ही कधी पाहिली नाही, आमच्यासाठी सट्टेदार हीच कंपनी. त्या रविवारी तो ओसरीत बसला, पाणी प्यायला आणि सांगू लागला की आता नवी पद्धत आली आहे. पत्ता-तंबाखू यापुढे कंपनी देणार नाही, विकणार. बायांनी तो विकत घ्यायचा आणि बिड्या वळून कंपनीला विकायच्या. हिशेब तोच, हातात पडणार तेवढंच. फक्त मजुरीचं कार्ड परत करायचं.

"आता तुमी मजूर नाही राह्यल्या," तो म्हणाला. "व्यापारी झाल्या. आपला माल, आपला धंदा."

मायच्या मांडीवर सूप होतं. पान कापता कापता तिनं विचारलं, "मंग दुसऱ्या कोणाले इकली बिडी, त चालते का?"

सट्टेदार हसला. "दुसरा हाये कोण या गावात?"

तो वाईट माणूस नव्हता. त्याला जे सांगायला पाठवलं होतं ते त्यानं सांगितलं आणि कार्डं गोळा करून पुढच्या घरी गेला. मी तिथंच होते, दारात, आणि मला त्या क्षणी बाकी कोणाहीपेक्षा जास्त समजलं होतं. कारण मी नागपूरला नेमकं हेच शिकत होते.

आम्ही छप्पनपासूनचे बौद्ध. बाप रेल्वेत गँगमन. भिंतीवर ज्यांची तसबीर होती ते समुद्रापलीकडे जाऊन देशोदेशींचे कायदे वाचून आले होते, म्हणून बापाच्या डोक्यात पक्कं बसलेलं की शिकायचा तर कायदाच. मी मुलगी आहे हे त्यानं कधी मधे आणलं नाही. तो रुळावर घाम गाळायचा, माय बिड्या वळायची आणि मी वरठीहून पॅसेंजरनं नागपूरला जायची. वकिलीची पदवी झाली, मग वरची पदवी झाली. मग पीएच.डी.साठी विषय निवडायचा आला तेव्हा मी म्हटलं, घरी बसून काम करणाऱ्या मजुरांचा कायदा, निरनिराळ्या देशांतला आणि आंतरराष्ट्रीय करारांतला.

माझे मार्गदर्शक त्या काळी नावाजलेले प्राध्यापक होते. दोन वर्षं लंडनला राहून आले होते, त्यामुळे चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायचे. विषय ऐकून खूश झाले. म्हणाले, यावर आपल्याकडे कोणी हात घातलेला नाही. मग त्यांनी विचारलं की हा विषय सुचला कसा. मी सांगितलं की माझी आई बिड्या वळते. त्यांनी मान हलवली आणि टेबलावरचे कागद सारखे केले. "हे प्रबंधात कुठे येऊ देऊ नका," ते म्हणाले. "संशोधकाला आई नसते."

मला ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं. खोटं कशाला सांगू. आमच्या वस्तीतल्या पोरीला कोणी संशोधक म्हणतंय याचंच अप्रूप होतं.

पहिली दोन वर्षं मी सुखात होते. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत परदेशी कायद्याचे जाडजूड खंड होते. काहींची पानं जोडलेलीच होती, छापल्यापासून कोणी उघडली नव्हती. मी ती पट्टीनं सोडवायची. जर्मनीनं घरी काम करणाऱ्यांसाठी वेगळा कायदाच केलेला, जपाननंही केलेला. इंग्लंडमध्ये तसा कायदा नव्हता, तिथली न्यायालयं एकेक प्रकरण बघून ठरवत होती की घरात बसून बुटांची वरची कातडी शिवणारी बाई नोकर की स्वतंत्र धंदेवाली. जिनिव्हाला झालेला एक जुना करार होता, किमान वेतनाचा. त्यात घरी चालणाऱ्या कामांचा स्पष्ट उल्लेख होता आणि त्यावर आपल्या देशानं सही केलेली होती.

शनिवारी वसतिगृहातून घरी आले की मी हे सगळं मायला सांगायची. तिला ते गोष्टीसारखं वाटायचं. जपानातली बाई चटईवर बसून खेळणी जोडते, इंग्लंडातली बाई स्वयंपाकघरात बूट शिवते.

"त्यायच्या घरी बी सट्टेदार येते का?" माय विचारायची.

"येते. मोटारीत येते."

"आन छाट काढते का?" छाट म्हणजे वाईट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या. त्या सट्टेदार घेऊन तर जायचा, पण मोजायचा नाही.

मी म्हणायची, तिथंही काढत असतील. मग माय समाधानानं मान हलवायची. जगात आपण एकट्या नाही, एवढं तिला पुरत होतं. मला वाटायचं की आता कायदाही तेच म्हणेल.

त्यातच तो रविवार आला. गावोगाव कार्डं परत गेली. माझी वहिनीही बिड्या वळायची, तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. कार्ड असतं तर बाळंतपणाची भरपगारी रजा कायद्यानं मिळायला हवी होती. मागायला गेली तर सट्टेदारानं सांगितलं, व्यापाऱ्याला कसली रजा. ती बाळंतीण झाल्यावर दहाव्या दिवशी सूप घेऊन बसली.

मी ठरवलं की प्रबंधात एक प्रकरण या नव्या पद्धतीवर घालायचं, आणि ते ग्रंथालयात बसून नाही लिहायचं. आमच्या गावातल्या बायांशी बोलले. तुमसरच्या पुढे बपेऱ्याला गेले, तिथं नदी ओलांडली की मध्य प्रदेश. तिथल्या बायांनी दाखवलं की अलीकडच्या काठावर कोणी कायद्याचं बोललं की सट्टेदार पत्ता नदीपलीकडच्या गावात वाटतो, आणि पलीकडे कोणी बोललं की अलीकडे. बायांच्या मालकीचा म्हणवला जाणारा तो पत्ता त्यांना निवडता येत नव्हता, कुजका निघाला तर परत करता येत नव्हता, आणि वळलेली बिडी ज्यानं पत्ता विकला त्याच्याशिवाय घेणारं कोणी नव्हतं. एका बाईनं दुसऱ्या गावच्या दुकानदाराला थोड्या बिड्या विकून पाहिल्या होत्या. पुढच्या आठवड्यात तिला पत्ताच मिळाला नाही. हे सगळं मी लिहून काढलं. आजही मला वाटतं की आयुष्यात मी लिहिलेलं तेवढंच बरं आहे.

मार्गदर्शकांनी ते प्रकरण महिनाभर ठेवून घेतलं. मग बोलावलं. त्यांनी ओरखडाही ओढला नव्हता. म्हणाले, लिहिलंय चांगलं, पण हा कायदा नाही, हे समाजशास्त्र झालं. तौलनिक अभ्यासात पाच देशांच्या तरतुदी एकाच उंचीवर ठेवायच्या असतात. त्यात एका देशातलं चिखलपाणी आणलं की तोल जातो. परीक्षक विचारतील की तुम्ही जपानच्या खेड्यात गेला होता का. नाही ना? मग बपेऱ्यालाच का गेलात?

मी म्हटलं, सर, पण आधीच्या प्रकरणातलं विधान याच्याशिवाय अर्धं राहतं. तिथं मी लिहिलं होतं की जिथं कच्चा माल काम करणाऱ्याच्या मालकीचा असतो आणि तयार माल कोणालाही विकण्याची त्याला मोकळीक असते, तिथं बहुतेक देशांतली न्यायालयं मालक-नोकराचं नातं मानत नाहीत. हे विधान खरंच होतं. ती मोकळीक आमच्याकडे नुसती कागदावर आहे, हे मी पुढच्या प्रकरणात म्हटलं होतं.

"अर्धं सत्य नाही, नेमकं सत्य आहे," ते म्हणाले. "पुढचं वाचकावर सोडा."

प्रकरण काढून टाकलं. त्यांची सही नसती तर प्रबंधच निघाला नसता, आणि शिष्यवृत्ती त्यांच्याच शिफारशीवर चालू होती. आधीचं प्रकरण त्यांनी एका कायद्याच्या नियतकालिकात लेख म्हणून पाठवलं. छापून आला तेव्हा वर त्यांचं नाव होतं आणि खाली, लहान अक्षरात, माझं. बापानं तो अंक तसबिरीखालच्या फळीवर ठेवला.

इकडे आमच्या गावातल्या काही बायांनी कामगार न्यायालयात अर्ज केला होता. आम्ही व्यापारी नाही, मजूर आहोत, कार्डं परत द्या, एवढंच मागणं. माय सगळ्यांत पुढे होती. भंडाऱ्याचे एक वकील त्यांच्याकडून उभे राहिले. साधा, सरळ माणूस, सायकलवर फिरायचा. परदेशी निवाड्यांचा मजकूर मी त्यांना उतरवून दिला. जिनिव्हाचा करार दिला. माय आणि बाया तारखेला जायच्या, दिवसभर बाकावर बसायच्या, पुढची तारीख घेऊन परत यायच्या. त्या दिवशीच्या बिड्या बुडायच्या. असा दोन पावसाळ्यांहून जास्त काळ लोटला.

शेवटच्या युक्तिवादाला मी मुद्दाम गेले. मायच्या शेजारी मागच्या बाकावर बसले. आमच्या वकिलांनी जिनिव्हाचा करार मांडला. कंपनीचे वकील नागपूरचे होते, इंग्रजी सुरेख. त्यांनी शांतपणे सांगितलं की परदेशात झालेला करार, त्यावर आपल्या सरकारची सही असली तरी, संसदेनं तसा कायदा केल्याशिवाय इथल्या न्यायालयाला बांधत नाही. हे मला ठाऊक होतं, ते मीही लिहिलं होतं. मग त्यांनी एक अंक काढला. त्याचं मुखपृष्ठ मी लांबूनही ओळखलं.

त्यांनी आधी माझ्या मार्गदर्शकांचं नाव घेतलं, त्यांच्या लंडनच्या पदवीसह. माझं नाव घेतलं नाही. मग ते सावकाश वाचू लागले. कच्चा माल काम करणाऱ्याच्या मालकीचा, तयार माल कोणालाही विकण्याची मोकळीक, बहुतेक देशांतली न्यायालयं. नंतर त्याच लेखातलं दुसरं वाक्य. जर्मनी आणि जपानला वेगळा कायदा करावा लागला, याचा अर्थ असा की त्या देशांच्या सर्वसाधारण कायद्यात असे लोक नोकर ठरत नव्हते. प्रत्येक शब्द माझा होता. कुठं स्वल्पविराम येतो तेही मला पाठ होतं. न्यायाधीश पेन्सिलनं खुणा करत होते.

बायांना इंग्रजी कळत नव्हतं. माय माझ्याकडे वाकली.

"तो काय वाचून राह्यला वं?"

"माझंच वाचून राह्यला, माय."

"तुहं?" तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला. तिनं शेजारच्या बाईला कोपरानं ढोसलं आणि हळूच सांगितलं, माह्या पोरीचं वाचून राह्यला. मग तिनं परत मला विचारलं, "मंग आपुन जिकतो ना?"

मी नाही म्हटलं. तिला समजावून सांगावं लागलं. तिथंच, बाकावर, कुजबुजत, मी माझ्या वाक्याचं मराठी केलं. ज्याचा माल स्वतःचा, आणि जो कोणालाही विकू शकतो, तो मजूर नसतो.

माय ऐकत राहिली. "पर आमी त कोणालेच इकू शकत नाही," ती म्हणाली. "तुले मालूम हाये."

मला मालूम होतं. मी ते लिहिलंही होतं.

मधल्या सुट्टीत मी आमच्या वकिलांना गाठलं आणि काढून टाकलेल्या प्रकरणाचा टंकलिखित मसुदा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चाळला आणि सुट्टीनंतर न्यायाधीशांपुढे ठेवला. कंपनीचे वकील उठले. त्यांनी विचारलं, हे कुठं छापून आलंय? कुठंच नाही. कोणी लिहिलंय? आमच्या वकिलांनी माझं नाव सांगितलं. तेव्हा ते हलकंसं हसले. म्हणाले, आडनावावरून दिसतंच आहे, ह्या पहिल्या अर्जदाराच्या कन्या. आईच्या दाव्यात मुलीनं लिहिलेलं न छापलेलं टिपण पुरावा म्हणून कसं घेता येईल?

न्यायाधीशांनी मसुदा परत केला. त्यात त्यांचीही चूक काढता येत नाही. तीच मी, तेच हात. जे छापलं ते विद्वत्ता ठरलं, कारण त्यात माय नव्हती. जे छापू दिलं नाही त्यात माय होती, म्हणून ते घरचं रडगाणं ठरलं.

निकाल बायांच्या विरुद्ध गेला. त्यात एक परिच्छेद असा होता की न्यायालयाचं मत प्रगत देशांतल्या कायद्याशीही सुसंगत आहे.

त्यानंतर सट्टेदारानं अर्जदार बायांना पत्ता देणं बंद केलं. कारण विचारलं तर म्हणाला की व्यापारात माल कोणाला विकायचा ती विकणाऱ्याची मर्जी, कोर्टानंच तसं सांगितलंय. हेही खोटं नव्हतं. माय त्या वर्षी रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, गेली, धानाच्या बांधीत कमरेत वाकून. तिला त्याची सवय राहिली नव्हती. आयुष्यभर मांडी घालून बसलेल्या बाईचे गुडघे चिखलात उभे राहायला तयार नव्हते. संध्याकाळी ती घरी यायची आणि उंबरठ्यावरच बसायची. बाप पाय चेपून द्यायचा. त्याआधी तसं काही त्याला करताना मी पाहिलं नव्हतं.

आमचे वकील वरच्या कोर्टात जायचं म्हणत होते. मुद्दा पक्का आहे, म्हणाले, देशात दुसरीकडे असे दावे जिंकलेही आहेत. पण एकेक बाई सट्टेदाराकडे जाऊन पुढं लढणार नाही असं लिहून देऊ लागली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या ओसरीत पत्ता पोचू लागला. माय शेवटपर्यंत थांबली. मग एका शनिवारी मी घरी आले तर ती सूप घेऊन बसली होती.

मी रागावले. बरंच बोलले. जपान, जर्मनी, वरचं कोर्ट, सगळं बोलले. तिनं हातातली बिडी दोरा गुंडाळून पुरी केली.

"तुह्या देशाईतल्या बाया जिकल्या असतीन," ती म्हणाली. "चांगलं झालं त्यायचं. मले उद्याले पत्ता पायजे."

तिनं मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. तिनं कधीच दिला नाही. आणि मलाही स्वतःला दोष देता येत नाही, कारण मी एक शब्द खोटा लिहिला नव्हता. कोणाची तरी चूक सापडली असती तर त्या चुकीवर राग काढून मोकळी झाले असते. इथं प्रत्येकानं आपापलं काम नियमानं केलं होतं.

माझी तोंडी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात झाली. बाहेरच्या परीक्षकांनी प्रबंधाचं कौतुक केलं. असा तटस्थपणा तरुण संशोधकांत आढळत नाही, म्हणाले. मार्गदर्शकांनी सगळ्यांसाठी कॉफी मागवली. मी पदवी घेतली, आणि भंडाऱ्याला एका कॉलेजात करारांचा कायदा शिकवू लागले. परदेशी निवाड्यांना पुन्हा हात लावला नाही. काढलेलं प्रकरण एकदा त्याच नियतकालिकाला पाठवून पाहिलं. ते परत आलं, आमच्या कक्षेत बसत नाही अशा चिठ्ठीसकट.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा नागपूरला एक परिसंवाद झाला, असंघटित कामगार आणि कायदा या विषयावर. आता हा विषय सगळीकडे निघाला होता. माझे मार्गदर्शक निवृत्त झाले होते, मुख्य भाषण त्यांचं होतं. मी मधल्या रांगेत बसले. ते म्हणाले की नुसत्या कलमांची तुलना करून कायदा कळत नाही, कायदा जगणाऱ्या माणसाच्या घरात जाऊन बघावा लागतो. उदाहरण म्हणून त्यांनी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवरचं एक गाव सांगितलं. नदी, अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरं, आणि कायद्याची चाहूल लागली की काठ बदलणारा सट्टेदार. दुसऱ्या दुकानदाराला बिड्या विकून पाहणारी बाईही त्यांनी सांगितली. फार छान सांगितली.

चहाच्या वेळी त्यांनी मला ओळखलं आणि आपुलकीनं जवळ आले. केस पूर्ण पांढरे झाले होते. "तुमचं ते प्रकरण," ते म्हणाले, "तेव्हा जरा काळाच्या पुढचं होतं. आता ते लिहून काढा. मी प्रस्तावना देतो."

मी बघते म्हटलं. त्यांनी आईची विचारपूस केली नाही. करणार तरी कशी, त्यांच्या लेखी मला आई नव्हतीच. मी कप ठेवला, जेवणाचं कूपन घेतलं होतं म्हणून जेवले आणि भंडाऱ्याची बस धरली.

तोवर माय माझ्याकडेच राहायला आली होती. नजर कमी झाली होती, तरी बिड्या वळायचं सोडत नव्हती, शेजारच्या बाईच्या नावावर पत्ता घ्यायची. मी दारात चपला काढत होते तेव्हा तिनं विचारलं की मिटिंगीत काय काय झालं.

"जेवण चांगलं होतं," मी म्हटलं.